कोड नव्हतं, शिबं होतं

योगराजला छपराखालचं काम नको होतं. बास. त्याच्यापुढे त्याचं काही म्हणणंच नव्हतं.

त्याचा बाप पारोळ्याकडून सुरतला आला आणि लूमच्या खात्यात एकवीस वर्षं उभा राहिला. सकाळी अंधारात आत जायचा, अंधार पडल्यावर बाहेर यायचा. अंधाऱ्या खोलीत विसरलेल्या बटाट्याला कोंब फुटतात ना, तसला पांढरट रंग झालेला त्याचा. कान तर कधीच गेले होते. घरात पोरांशी बोलायचा तेही ओरडून. तो गेला तेव्हा योगराज नववीत होता. मालक म्हणाला, पोराला बापाच्याच लूमवर घेतो. सगळ्या गल्लीला वाटलं, काय देवमाणूस आहे. योगराज एक दिवस गेला. दुपारी डबा खायला बाहेर आला, पाच मिनिटं उन्हात उभा राहिला, आणि परत आत गेलाच नाही. शाळेतही गेला नाही.

मग काय काय केलं त्याने. सेंट्रिंगच्या फळ्या उचलल्या, ट्रकवर माल चढवला, चलथाणला एक हंगाम उसाच्या गाड्या रिकाम्या केल्या. शेवटी इच्छापोरच्या एका पाइप यार्डात ठेकेदाराकडे लागला. काम असं, की क्रेनखाली उघड्या मैदानात उभं राहायचं आणि वर बसलेल्या ऑपरेटरला हाताने खुणा करायच्या. घे, सोड, थांब, डावीकडे. दिवसभर डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवर सूर्य. बाकीची पोरं पाइपाच्या सावलीत सरकत सरकत दिवस काढायची. हा मात्र खुशाल मधोमध उभा. रविवारी सुट्टी, तर घराच्या धाब्यावर चटई टाकून उघडाच पडायचा.

"काया कोयसा व्हई गया तू," आई पुष्पाबाई खालून ओरडायची. "तुले कोन पोर दी?"

"आई, लोक समुद्रावर पैसे देऊन असे पडतात. मला कंपनी पगार देते."

असा होता तो. मान, हात, पाठ, सगळं तव्यासारखं. आणि त्याला त्याचा माज होता.

त्याच्या खाली एक बहीण. सोनाली. ह्याने शाळा सोडली तेव्हा ती चौथीत होती. तिने सातवीत एकदा कंटाळून दप्तर फेकलं, तर ह्याने ते उचलून परत तिच्या खांद्यावर अडकवलं आणि शाळेच्या फाटकापर्यंत ओढत नेलं. म्हणे, आपल्या घरात एकाने पुस्तक मिटलं तेवढं पुष्कळ झालं. ती बारावी झाली. आता सुरतमध्येच दिंडोलीला घरच्या खोलीत बसून साड्यांवर खडे चिकटवायची आणि शेजारच्या पोरांची शिकवणी घ्यायची.

तिला स्थळ आणलं भाईदासमामाने. मुलगा ललित, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात ऑफिसचं काम, कॉम्प्युटरवर. आईबाप नंदुरबारला. बाप बळीराम पाटील ग्रामसेवक म्हणून रिटायर झालेला, म्हणजे बोलायला लागला की समोरच्याला अर्ज घेऊन उभं असल्यासारखं वाटायचं. मुलाने सोनालीला पाहिलं, सोनालीने मुलाला पाहिलं, दोघांनी मान खाली घालून हसून घेतलं. सुपारी फुटली. लग्न वैशाखात ठरलं.

बाप नाही, म्हणजे मांडवात बहिणीच्या मागे भाऊ उभा राहणार. होमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या घालायच्या. मग नवरदेवाचा कान पिळायचा, की बाबा, माझ्या बहिणीला नीट ठेव, नाहीतर बघ. योगराज ह्या कानपिळीवर एवढा खूष, की मामाचा पोरगा चेतन घरी आला की त्याच्यावर सराव करायचा.

"अरे सोड ना! माझा काय दोष? मी काय ललित आहे?"

"गप रे. किती पिळला की डोळ्यात पाणी येतं ते बघतोय."

चेतनलाच पहिल्यांदा ते दिसलं. माघ महिना असेल. कान सोडवून घेताना म्हणाला, "ए योगा, मानेवर काय सांडलं? रांगोळी?"

रांगोळी नव्हती. मानेवर, खांद्यावर, पाठीच्या वरच्या भागात डाळीएवढे पांढरट ठिपके उठले होते. काही एकमेकांत मिसळून रुपयाएवढे झालेले. महिन्याभरात वाढले. यार्डात एका सुपरवायझरने त्याला नाव ठेवलं, काबरो, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. "ए काबरा, पेली बाजू जा ने!" योगराज हसायचा, कारण तिथे प्रत्येकालाच काहीतरी नाव होतं.

घरी कोणी हसलं नाही.

शेजारच्या कलाबाईने त्याला उन्हात उभं केलं, पाठ फिरवायला लावली, आणि पुष्पाबाईकडे बघून आवाज खाली आणला. "पुष्पा, हाई कोड शे. मना मामसासराले असंच चालू व्हयनं व्हतं."

"मावशी, खाजतं मला," योगराज म्हणाला. "घाम आला की चावतं. कोड खाजतं का?"

"तू डागदर शे का?"

"तुम्ही आहात?"

"दख पुष्पा, कसा बोलस तुना आंडोर."

पुष्पाबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. तिला पोराचं काही नव्हतं पडलेलं, खरं सांगायचं तर. तिला लग्न दिसत होतं. भावाला कोड म्हणजे रक्तात कोड, रक्तात म्हणजे बहिणीतही, उद्या तिच्या पोरांतही. हे सगळं तिच्या डोक्यात एका मिनिटात फिरून आलं. तिने योगराजचा हात धरला. "सोनीनं लगीन व्हई जाऊ दे. तवलोंग कलाबाई सांगस ते कर. मना गळानी आन शे तुले."

आता योगराज कोणाचं ऐकणारा नव्हता. पण सोनीचं नाव आलं की त्याचं तोंड बंद व्हायचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते वापरायचे.

कलाबाईने उधन्याच्या जडीबुटीवाल्याकडून बाटली आणली. बावचीचं तेल. कोडावर हेच लावतात, हे खान्देशातल्या कोणत्याही म्हातारीला झोपेत विचारा. डागाला तेल चोळायचं आणि थोडा वेळ उन्हात बसायचं.

"हे बरं आहे," योगराज म्हणाला, "औषध पण उन्हाचंच." आणि तेल लावून तो सरळ ड्युटीवर गेला. कलाबाईने सांगितलं होतं थोडा वेळ. हा आठ तास उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी मान पेटली. शर्टाची कॉलर चिकटली, ओढली तर कातडं आलं. डागाडागावर फोड, फोडांत पाणी. जो सुपरवायझर काबरो म्हणायचा तोच घाबरला. "शुं थयुं ल्या तने? जा, दवाखाने जा. आम ऊभो ना रहे!"

सरकारी दवाखान्यात कातडीच्या खिडकीवर ही रांग. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होती, दमलेली, सारखी जांभई दाबत होती. मान बघून तिची जांभई गेली.

"ये किसने लगाया?"

"पडोस की मौसी ने."

"मौसी कहाँ से पढ़ी है?"

योगराजला हसू आलं, पण हसलं की मान ओढायची.

जिथे भाजलं नव्हतं अशा एका पांढऱ्या डागावर तिने काचेच्या पट्टीने हळूच खरवडलं. कोंड्यासारखा भुसा पडला. तिने तो वरच्या मजल्यावर नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, परत आली आणि म्हणाली, करोळिया. बाजूला उभा असलेला मराठी शिपाई म्हणाला, "शिबं रे, शिबं. आमच्या गावात निम्म्या लोकांना असतं."

मग तिने सगळं सांगितलं, हिंदीत, पण योगराजला शब्द न शब्द पाठ झाला. ही बुरशी आहे. सगळ्यांच्याच अंगावर असते, घामाने वाढते. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. कोडाशी हिचा काडीचा संबंध नाही. डोक्याला लावायच्या शॅम्पूसारखं औषध मिळेल, ते अंगाला चोळायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं. पंधरा दिवसांत बुरशी मरेल.

"आणि डाग?"

"डागाला तीनचार महिने लागतील. तू उन्हाने काळा झालास, ती जागा झाली नाही. म्हणून ती पांढरी दिसते. तू जेवढा काळा होशील तेवढी ती दिसेल." मग ती थांबली. "आणि जिथे भाजलंय तिथलं काही सांगता येत नाही. ते तुझ्या मौसीला विचार."

त्याने तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं. कोड नाही, असं. सही आणि शिक्क्यासकट.

घरी येताना तो एकटाच हसत होता. जळत होती मान आणि हसत होता हा. आईच्या हातात कागद दिला. तिने तो डोळ्याला लावला आणि कुलदेवीच्या फोटोमागे ठेवला. कलाबाई तेवढी नाराज झाली. "मंग मनं तेल वाया गयं म्हना ना."

तेल वाया गेलं नव्हतं. तेलाने आपलं काम आधीच केलं होतं. कलाबाईची भाची नंदुरबारला दिली होती, आणि कलाबाईने फोनवर तिला सांगितलं होतं, की पुष्पाच्या पोराला कोड उठलं, पण मी आहे ना, मी बावची लावतेय, लग्नापर्यंत बरं करते. कौतुकाने सांगितलं होतं, स्वतःच्या. वाईट म्हणून नाही. तिकडून ते चार घरं फिरून बळीराम पाटलाच्या ओट्यावर आलं.

भाईदासमामा एका दुपारी आला तो पाणीसुद्धा न घेता बसला.

"पाटीलसाहेबांचा फोन होता."

"कागद दाखवा त्यांना," योगराज म्हणाला.

"सांगितलं कागदाचं. ते म्हणतात, कोड नव्हतं तर घरात कोडाचं तेल कशाला आलं?"

"चुकून आलं."

"भाचा, चुकून कोणी कोडाचं तेल लावतं का? तूच सांग. आपल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा जास्त कळतं. आई लावतेय म्हणजे आईला माहीत असणार." मामाने हात पसरले. "मला पटलं त्यांचं. म्हणजे, मला नाही पटलं. पण काय उत्तर देऊ?"

डॉक्टरचा शिक्का एकीकडे, आईचा हात दुसरीकडे. लोक आईच्या हातावर विश्वास ठेवणार.

पुढच्या आठवड्यात मुलाकडच्या दोन बायका आल्या. सासू आणि मोठी नणंद. म्हणे, लग्नातल्या ब्लाउजचं माप घ्यायचंय. सोनालीने आपलं मापाचं ब्लाउज आणून ठेवलं. त्या म्हणाल्या, नको, अंगावरूनच घेतो. आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, खिडकी उघडली. अर्धा तास. टेप बाहेर आला तेव्हा तो गुंडाळलेलाच होता.

त्या गेल्यावर सोनाली खडे चिकटवायला बसली. योगराजने विचारलं तर मान वर केली नाही.

"काय केलं त्यांनी?"

"माप घेतलं."

"सोनी."

"उजेडात उभं केलं. पाठ बघितली, काखा बघितल्या, पोटऱ्या बघितल्या. नणंद म्हणाली, स्वच्छ आहे. जसं काय भांडं घासून ठेवलंय." मग तिचा आवाज फाटला. "तू काही करू नको. तू तिकडे गेलास तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. मला ललित आवडतो, भाऊ. तो तसा नाही."

योगराजने भिंतीवर मूठ मारली. भिंत शेजाऱ्यांची होती, तिकडून कोणीतरी ओरडलं, काय रे. बास, एवढंच झालं.

दोन दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. लग्न मोडत नाही, मुलगी चांगली आहे. फक्त मांडवात भाऊ नको. पाहुण्यांच्या तोंडाला विषय नको. लाह्या आणि कानपिळी चेतन करेल, तोही भाऊच ना. योगराजने यावं, जेवावं, नाही कोण म्हणतंय. फुल बाह्यांचा शर्ट घालावा आणि आचाऱ्याकडे लक्ष ठेवावं.

चेतन मागे उभा होता. "योगा, मी नाही म्हणतो त्यांना. आत्ता फोन लावतो."

"तू गप बस," मामा म्हणाला.

पुष्पाबाईने नुसतं योगराजकडे बघितलं. गळ्याची शपथ परत घालायची गरजच नव्हती.

पण गप बसला तर तो योगराज कसला. फोटोमागचा कागद काढला आणि गेला कतारगामला. म्हणे बाप नाही तर पोरगा तरी वाचेल, ऑफिसात काम करतो, शिकलेला आहे. दुपारच्या चहाच्या सुट्टीत ललित बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, गळ्यात कार्ड. ह्याला बघून दचकलाच. मग टपरीवर घेऊन गेला, दोन कटिंग सांगितले. पोरगा वाईट नव्हता, हेच तर दुःख आहे.

कागद त्याने नीट वाचला. घडी करून परत दिला.

"मला माहीत होतं हे."

"काय माहीत होतं?"

ललितने इकडेतिकडे बघितलं. मग वरचं बटण काढलं आणि कॉलर थोडी बाजूला केली. मानेच्या खाली, छातीवर, तेच. डाळीएवढे. फक्त पोरगा दिवसभर एसीत, रंगाने गोरा, त्यामुळे डाग नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हते.

"हॉस्टेलला असल्यापासून आहे. जातं, येतं. शिबं आहे, दुसरं काही नाही."

योगराजच्या हातातला चहा तसाच राहिला. "मग सांग ना तुझ्या बापाला! दाखव त्याला हे!"

"दादा..." ललितने पटकन बटण लावलं. "तुम्ही त्यांना ओळखत नाही. मी दाखवलं तर ते म्हणतील, मुलीकडूनच आलं. चारपाच तासांचा प्रश्न आहे. नंतर सोनालीला मी कधीच काही कमी पडू देणार नाही. आईशप्पथ. फक्त हे घरी कुठे बोलू नका. तिलाही नको."

चारपाच तास. योगराज त्याच्या कानाकडे बघत राहिला. चांगला जाड कान होता.

इथे त्याला काय काय करता आलं असतं. एक फोन नंदुरबारला. पाटीलसाहेब, तुमच्या पोराची कॉलर उघडा. बास, एवढ्या शब्दांत सगळा हिशोब बरोबर झाला असता आणि लग्न मोडलं असतं. आणि सोनाली परत खडे चिकटवायला बसली असती, पुढची माप घेणारी बाई येईपर्यंत. त्याने चहा एका घोटात संपवला.

"नीट ठेव तिला," एवढंच म्हणाला आणि निघाला.

वैशाखातल्या उन्हात फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. योगराज मांडवामागे आचाऱ्यांजवळ उभा होता. बुरशी कधीच मेली होती, डाग तसेच होते. मंगलाष्टकं त्याला स्पीकरवरून ऐकू आली. मग होम झाला. कोणीतरी ओरडलं, पिळ रे चेतन, जोरात पिळ! आणि सगळे हसले. आचारी म्हणाला, "भाऊ, वरण उकळलं, बघा." त्याने बघितलं.

निघताना सोनाली सगळ्यांच्या पाया पडत आली. आईला मिठी मारून रडली, मामाच्या पायांना हात लावला. योगराजसमोर वाकली. मागे सासू उभी होती. सोनालीचे हात पावलांच्या वर वीतभर थांबले, तिथूनच तिने ते कपाळाला लावले. योगराजनेही तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तोंडानेच म्हणाला, सुखी राहा.

मग गाडी गेली. तो सोमवारी ड्युटीवर हजर. ठेकेदाराने आता त्याला शेडमध्ये हिशेबाची वही दिली, म्हणे मान बरी होईस्तोवर आत बस. तो आत बसला. श्रावणापर्यंत डाग भरत आले, भाजलेले दोन काळे वण तेवढे राहिले.

राखीला सोनाली आली नाही. राखी चेतनच्या हाती पाठवली आणि दुपारी फोन केला.

"बांधली का?"

"आईने बांधली. तू का नाही आलीस?"

तिच्या मागे प्रेशर कुकरची शिटी झाली. "भाऊ, रागावू नको. ह्यांच्या मानेवर पण उठलंय आता. पावसात वाढलं. सासूबाई म्हणतात, लग्नात तुझ्या भावाचा हात लागला असेल. म्हणून म्हणाल्या, यंदा नको जाऊ."

"ललित काय म्हणाला?"

"ते काही नाही बोलले. त्यांना काय माहीत असणार?"

योगराज शेडच्या दाराशी आला. बाहेर पाऊस उघडला होता, ओल्या पाइपांवर ऊन पडलं होतं. तोंडात शब्द आला होता. पूर्ण आला होता, ललितच्या नावासकट, हॉस्टेलसकट. त्याने तो गिळला.

"सोनी, पेन आहे?"

"आहे. का?"

"औषधाचं नाव लिहून घे. अंगाला चोळायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं. पंधरा दिवस. ओले कपडे घालू देऊ नको त्याला, घाम आला की पुसायला सांग."

"हां. लिहिलं. अजून?"

"डाग लगेच जाणार नाहीत. तीनचार महिने दिसतील. घाबरू नको."

"हां."

"आणि कोणी तेल दिलं तर लावू नको."